खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि रविवारचं तेल : एका काजू व्यापाऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित गृहस्थांच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांना इथे अण्णा म्हटलं आहे. गाव, वय, व्यवसायाचे बारीक तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. शस्त्र, बिघाड आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. परवानाधारक शस्त्र रोज खिशात बाळगणारी माणसं आपल्याकडे थोडी, पण ती आहेत: सराफ, पेट्रोलपंपवाले, काजू-आंब्याचे व्यापारी, काही वकील. शस्त्र मिळवायला त्यांनी वर्षं घालवलेली असतात. ते जपायचं कसं, हे मात्र त्यांना बहुधा कुणीच सांगितलेलं नसतं.

पार्श्वभूमी

अण्णांचा दक्षिण कोकणात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मार्च ते मे हा काजू बीच्या खरेदीचा हंगाम. वाडीवाडीतून बी येते, काही बागायतदारांकडे स्वतः जावं लागतं आणि बरेच जण पैसे हातात रोख मागतात. कारखान्यापासून बँकेपर्यंतचा रस्ता घाटाचा, संध्याकाळनंतर निर्मनुष्य. काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्यांच्या एका परिचिताची गाडी अडवून रक्कम लुटली गेली. त्यानंतर अण्णांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि यथावकाश त्यांना ०.३२ बोअरचं, कानपूर बनावटीचं, मधोमध मोडून उघडणारं सहा काडतुसांचं रिव्हॉल्व्हर मिळालं.

हे शस्त्र भक्कम असतं, पण हलकं नसतं. भरलेलं असताना पाऊण किलोच्या आसपास जातं. कमरेला लावलं की शर्टाखालून फुगवटा दिसतो आणि बाजारात लोकांच्या नजरा तिथेच खिळतात. म्हणून अण्णांनी पहिल्या वर्षीच ते पँटच्या उजव्या खिशात ठेवायला सुरुवात केली. सोबत दुकानदाराने दिलेलं कातडी कव्हर. त्याच खिशात रुमाल, गोदामाची किल्ली, कधी सुट्टे पैसे.

निगा राखण्यात त्यांचा आळस नव्हता, हे इथेच सांगायला हवं. दर रविवारी सकाळी ते रिव्हॉल्व्हर बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत आणि बिजागऱ्या-कुलपांना मारतात तो गंजरोधक स्प्रे सगळीकडून मारत. चाप ओढला की काडतुसावर आपटतो त्या घोड्याच्या खाचेत, चापाच्या वर, काडतुसं बसतात त्या फिरत्या सिलिंडरच्या पुढून-मागून. वरून चकाकत असे. काडतुसं मात्र आतच राहत, कारण "भरलेलं नसेल तर उपयोग काय" हे त्यांचं म्हणणं होतं. तीच सहा काडतुसं जवळपास दोन वर्षं सिलिंडरमध्ये होती.

१६ मार्च २०२४ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा गेल्या. अण्णांनी हंगामाच्या ऐन तोंडावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं, कातडी कव्हरासकट. ६ जूनला आचारसंहिता उठली. पुढच्या आठवड्यात ते परत आणलं, तेव्हा मृग लागला होता आणि हवेत ओल भरली होती. कव्हरावर पांढरी बुरशी होती, ती त्यांनी पुसली. रिव्हॉल्व्हरवर स्प्रे मारला, घरी ठेवलेली तीच जुनी सहा काडतुसं भरली आणि खिशात ठेवलं.

अडचण

सप्टेंबरच्या शेवटी अण्णा सरावासाठी जिल्ह्याच्या नेमबाजीच्या रेंजवर आले. मी तिथे नवख्यांना हँडगन शिकवतो. बहुतेक परवानाधारक वर्षातून एकदा येतात, पाच-सहा फैरी झाडतात आणि समाधानाने जातात. अण्णांचीही तीच तयारी होती.

पहिल्या दोन फैरी व्यवस्थित झाल्या. तिसऱ्या वेळी घोडा पडला, नुसता टक आवाज आला. अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण टोपी, म्हणजे घोडा आपटल्यावर दारू पेटवणारा काडतुसाच्या बुडाचा भाग, उशिराने पेटू शकते. अण्णा थांबले. मग पुन्हा चाप ओढला तर सिलिंडर अर्धवट फिरून अडकला. चाप मागे जाईना. त्यांनी अंगठ्याने सिलिंडर पुढे ढकलला, चाप दाबला आणि बार व्हायच्या ऐवजी फटाका सादळल्यासारखा बारीक आवाज आला. हाताला धक्का नाही, समोरच्या कागदावर भोक नाही.

पहिला निर्णायक क्षण इथला. अण्णांचं बोट चापावरच होतं आणि त्यांच्या मनात एकच होतं, ही गेली तर पुढची मारू. रेंज अधिकाऱ्याने ओरडून थांबवलं: "अण्णा, बोट बाहेर! नळी निशाणाकडेच राहू दे!"

शस्त्र उघडून रिकामं केलं आणि मागच्या बाजूने नळीत पाहिलं तर उजेड दिसेना. गोळी नळीत इंचभर जाऊन रुतून बसली होती. टोपी पेटली होती, दारू नीट पेटली नव्हती. त्या अवस्थेत मागून दुसरी गोळी सुटली असती तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि ती अण्णांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. बारीक आवाज आला की थांबायचं, ही गोष्ट मी पहिल्याच तासाला शिकवतो. तरी प्रत्यक्ष वेळी माणसाचं बोट सवयीने पुढे जातं. म्हणून शेजारी पाहणारा दुसरा माणूस असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

अण्णा बाकावर बसले आणि बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी दर आयतवारी तेल मारतंय. मगे ह्या असा कसा झाला?"

निदान

नळीत अडकलेली गोळी रेंजवर काढायची नाही, हे आम्ही लगेच ठरवलं. शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी करायला शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. शिवाय घाईघाईत लोखंडी सळई घालून नळीच्या आतल्या खाचा खराब केलेली शस्त्रं मी पाहिली आहेत. अण्णांनी रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुरुस्तीकाराकडे नेलं, मीही सोबत गेलो. त्या कारागिराने पितळी सळईने गोळी पुढच्या तोंडाकडून ठोकून मागे काढली, नळी मापून शाबूत असल्याचं सांगितलं आणि मग भाग सुटे करायला घेतले. पुढचं निदान बरंचसं त्यांचं आहे.

बिघाड एक नव्हता, तीन होते आणि तिन्ही एकमेकांना मिळालेले होते.

पहिला सिलिंडरचा. हे रिव्हॉल्व्हर मोडून उघडलं की मधला चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि सगळ्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, एकदम उचलतो. या चांदणीच्या खाली कचरा गेला की ती पूर्ण बसत नाही. कागदाच्या जाडीएवढी जरी वर राहिली तरी काडतुसांच्या कडा मागच्या पत्र्याला घासतात आणि सिलिंडर जड फिरतो किंवा अडतो. अण्णांच्या चांदणीखाली रुमालाचे तंतू, वाळूचे कण आणि तेल यांचा घट्ट थर बसला होता. खिसा म्हणजे कापडाचे तंतू, घाम आणि धूळ साठण्याची जागा. कोरडे तंतू फुंकरीने उडतात, पण त्यांवर तेल पडलं की त्यांचा लगदा होतो.

दुसरा घोड्याचा. टक करून न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर खूण होती, पण उथळ. म्हणजे घोडा पुरेशा जोराने पडला नव्हता. स्प्रिंग कमजोर असावी असं मला वाटलं होतं, पण स्प्रिंग ठीक निघाली. घोड्याच्या खाचेत आणि फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर आदळणारं टोक, जिथून पुढे येते त्या छिद्राभोवती तपकिरी-काळा, वार्निशसारखा थर होता. रॉकेलने तो नीट सुटेना. कारागिराला कळेना हे काय. ते अण्णांनी ओळखलं, वासावरून. काजूच्या टरफलाचं तेल.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण कोकणातल्या काजूवाल्यांना हे उपयोगी पडेल. बीची प्रत पाहायला व्यापारी मूठभर बिया कापून आतला गर तपासतात. कापताना टरफलातला चीक बोटांना लागतो. तो कातडी भाजतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो हवेत आणि उष्णतेने घट्ट होत जातो आणि शेवटी राळेसारखा कडक बसतो, हे लक्षात येत नाही. याच गुणामुळे तो रंगांत आणि ब्रेकच्या अस्तरांत वापरतात. अण्णा दिवसभर बी कापून तेच हात खिशात घालत होते. खिशाचं अस्तर चिकट होतं, रुमाल चिकट होता आणि हंगामामागून हंगाम तो थर घोड्याच्या खाचेत चढत गेला. स्प्रेने तो निघाला तर नाहीच, मऊ होऊन आणखी आत सरकला.

तिसरा काडतुसांचा आणि हाच सगळ्यांत धोक्याचा. उरलेली काडतुसं हातात घेतली तर पितळेवर हिरवट डाग होते. ती कातड्याची करणी. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेला घाम मिळून पितळेवर हिरवा थर आणतात, म्हणून शस्त्र कातडी कव्हरात साठवून ठेवू नये. पण हिरवटपणा वरवरचा होता. खरी गोष्ट गोळी आणि पुंगळीच्या सांध्यावर दिसली. तिथे तेलकट रेघ होती. गंजरोधक स्प्रेचा सगळा गुणच हा की तो बारीक फटीत शिरतो. गंजलेला नट सुटतो तो त्यामुळेच. काडतुसाची टोपी आणि गोळीचा सांधा याही फटीच आहेत. दर रविवारी भरलेल्या सिलिंडरवर मारलेला स्प्रे थेंबाथेंबाने आत गेला होता. एकात टोपी जगली पण दारू भिजली, त्याची गोळी नळीत अडकली.

गंजही होता, पण किरकोळ. मुठीच्या लाकडाखाली, जिथे घाम शिरतो आणि फडकं पोहोचत नाही, तिथे बारीक खड्डे पडले होते. घामातलं मीठ आणि जुलै-ऑगस्टमधली ८५ टक्क्यांच्या वरची दमट हवा मिळाली की काळं केलेलं पोलाद आठवडाभरात लाल ठिपके दाखवतं. अण्णा ज्या गंजाला घाबरून तेल मारत होते, त्याने त्यांचं फारसं बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते तेलाने. मी हे जोर देऊन लिहितो आहे, कारण कोकणातल्या बहुतेक परवानाधारकांची निगा अशीच असते: भीती गंजाची, उपाय तेलाचा, आणि काडतुसं आत.

कोणते पर्याय होते

दुरुस्तीकाराच्या दुकानातच चर्चा झाली. अण्णांची मुलगी, जी आता कारखान्याचा हिशेब पाहते, तीही होती. तिचा पहिला प्रश्न सरळ होता. "बाबा, हे बाळगायलाच हवं का?"

मला तो प्रश्न योग्य वाटला, आणि शस्त्र शिकवणाऱ्याने तो टाळू नये असं माझं मत आहे. शस्त्राची गरज रोख रकमेतून आली होती. बागायतदारांपैकी निदान निम्मे आता खात्यावर पैसे घ्यायला तयार होते. कुणी विचारलंच नव्हतं. रोख कमी झाली तर खेपा कमी होणार, आणि शस्त्र खिशात असण्याचे दिवसही. पण आतल्या वाड्यांत अजून रोखच चालते आणि घाटाचा रस्ता तोच राहणार, त्यामुळे परवाना सोडायला अण्णा तयार नव्हते.

दुसरा पर्याय शस्त्र बदलण्याचा. कानपूरचंच निर्भीक हे रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं आणि वजनाने अर्ध्या किलोच्या घरात. खिशासाठी ते सोयीचं. पण किंमत लाखाच्या पुढे, जुनं विकायला आणि नवं घ्यायला परवाना अधिकाऱ्याची मंजुरी, आणि या सगळ्याला लागणारे महिने. मुख्य म्हणजे हलक्या रिव्हॉल्व्हरलाही चांदणी असते आणि चांदणीखाली कचरा जातो. सवयी त्याच राहिल्या तर हेच पुन्हा घडलं असतं. पिस्तूल घ्यावं का, असंही अण्णांनी विचारलं. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, खिशातले तंतू आणखी सहज ओढून घेतं आणि न उडालेलं काडतूस बाहेर काढायला दोन्ही हात लागतात. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की निदान पुढचं काडतूस समोर येतं. साठीकडे झुकलेल्या, वर्षातून मोजके दिवस सराव करणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सांगेन.

तिसरा पर्याय कमरेच्या होल्स्टरचा, म्हणजे पट्ट्याला लावायच्या म्यानाचा. स्वच्छतेच्या दृष्टीने तोच उत्तम, कारण खिशाचा कचरा लागत नाही. अण्णांनी घरात दोन दिवस लावून पाहिलं. गाडी चालवताना मूठ बरगडीत रुतते आणि बी तपासायला वाकलं की शर्ट वर जाऊन सगळ्यांना दिसतं. परवान्याच्या अटींप्रमाणे शस्त्र झाकलेलं आणि ताब्यात असायला हवं. उघड दिसणारं शस्त्र कोकणातल्या छोट्या गावात संरक्षण कमी आणि चर्चा जास्त देतं.

उरला चौथा: खिसाच ठेवायचा, पण खिसा, कव्हर, काडतुसं आणि साफसफाईची रीत हे सगळं बदलायचं. सोबत रोख रक्कम कमी करायची. हे ठरलं. मुलीने एक अट घातली: शस्त्र फक्त रक्कम नेण्याच्या दिवशी बाहेर काढायचं, बाकी दिवस ते कुलपात. अण्णांनी कुरकुर करत मान्य केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत चांगला निर्णय होता. जे शस्त्र वर्षातले सगळे दिवस घामात भिजत होतं, ते आता थोडेच दिवस भिजणार होतं.

काय केलं

कारागिराने पितळी ब्रश आणि बांबूच्या कामट्यांनी घोड्याच्या खाचेतला राळेचा थर काढला, चांदणीखालचा लगदा साफ केला, मुठीखालचे खड्डे घासून पुन्हा काळे केले. जुनी काडतुसं मोजून, परवान्यावरच्या हिशेबात नोंद करून रीतसर विक्रेत्याकडे परत दिली. ती विहिरीत टाकायची नसतात की पुरायची नसतात. हे सांगावं लागतं कारण लोक तसं करतात. मग नवी काडतुसं घेतली. पुंगळीच्या बुडावरची केएफ ही अक्षरं म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण, हे अण्णांना पहिल्यांदाच कळलं. त्या खोक्यातली डझनभर काडतुसं दुरुस्तीनंतर रेंजवर झाडली. सगळी उडाली, सिलिंडर एकदाही अडला नाही. शस्त्रात दोष उरला नाही हे त्यातून कळलं, आणि मगच ते पुन्हा बाळगायचं ठरलं.

शिंप्याकडून दोन पँटींना जाड ड्रिल कापडाचा वेगळा, खोल खिसा शिवून घेतला. त्या खिशात शस्त्राशिवाय काहीही नाही. रुमाल नाही, किल्ली नाही. पँट धुताना खिसा उलटा करून झटकायचा. कातडी कव्हर बाद केलं आणि चाप पूर्ण झाकणारं, घाम न शोषणारं कृत्रिम कापडाचं खिशातलं होल्स्टर घेतलं. चाप झाकला जाणं स्वच्छतेपेक्षाही महत्त्वाचं आहे, कारण आधी त्याच खिशात, सैल कव्हरात, चापाशेजारी किल्ली वावरत होती. त्यावर अण्णा आणि मी दोघेही जास्त बोललो नाही. बी कापल्यावर हात आधी तेलाने आणि मग साबणाने धुतल्याशिवाय खिशाला लावायचे नाहीत, हाही नियम झाला.

साफसफाईची रीत आम्ही एका कागदावर लिहिली आणि अण्णांच्या मुलीने ती कपाटाच्या दाराच्या आत चिकटवली. तिचा मजकूर साधारण असा आहे.

शस्त्र उघडायचं, काडतुसं काढायची, मोजायची आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. परत येऊन सहाही भोकं आणि नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. टेबलावर तेव्हा एकही काडतूस असता कामा नये. कोरड्या टूथब्रशने चांदणीच्या खाली, घोड्याच्या खाचेत, फायरिंग पिनच्या छिद्राभोवती झाडायचं. कोरडंच, कारण कचरा आधी कोरडा निघतो. मग फडक्यावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब घेऊन बाहेरचा पृष्ठभाग पुसायचा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने तेच तेल पुसून काढायचं. बोट फिरवलं की तेल लागता कामा नये, पोलादाला जेवढं हवं तेवढं त्याने धरलेलं असतं. फिरणाऱ्या सांध्यांना सुईच्या टोकाने एकेक थेंब. घोड्याच्या खाचेत तेल नाही. काडतुसाच्या भोकांत तेल अजिबात नाही. स्प्रेचा डबा या कपाटात ठेवायचाच नाही. शेवटी सिलिंडर हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहायचा, कुठे जड जातो का. काडतुसं कोरड्या फडक्याने पुसून, टोप्या पाहून भरायची, तीही बाळगायचा दिवस असेल तरच. हात साबणाने धुवायचे, कारण शिसं.

हे रोज करायचं नाही. ज्या दिवशी शस्त्र खिशात होतं त्या संध्याकाळी फक्त घाम पुसायचा आणि कचरा झाडायचा. पूर्ण रीत आठवड्यातून एकदा, आणि भिजलं तर त्याच दिवशी. पावसाळ्यात शस्त्र घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि तो डबा कुलपाच्या कपाटात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नाही, कारण पिशवीत ओल कोंडते.

काडतुसांबद्दल अण्णांशी सर्वांत जास्त वाद झाला. माझं म्हणणं, खिशातली सहा काडतुसं हंगाम संपला की रेंजवर झाडून टाकायची आणि नवी भरायची. अण्णांचं म्हणणं, काडतुसं महाग, परवान्यावर संख्या मोजकी आणि रेंज दीड तासावर. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण घरामागच्या बागेत चाचणी घेणं हा पर्यायच नाही. निष्काळजीपणे शस्त्र झाडल्याबद्दल २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि माड-पोफळीच्या बागेत गोळी कुठवर जाईल हे कुणी सांगू शकत नाही. शेवटी ठरलं ते असं: वर्षातून दोनदा रेंज, पावसाळा संपल्यावर आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी. दोन्ही वेळा खिशातलीच सहा झाडायची. नवं खोकं झाडून शस्त्र तपासता येतं. खिशातली काडतुसं कशी आहेत ते खिशातलीच झाडल्याने कळतं.

परिणाम

दुरुस्ती उरकते तोच १५ ऑक्टोबर २०२४ला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा नोटीस. यावेळी अण्णांनी वेगळं केलं. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, अशी तरतूद शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. त्यांनी ठाण्यात कळवून, मान्यता घेऊन ते विक्रेत्याकडे जमा केलं. रिकामं, साफ केलेलं, कव्हराविना, पुड्यांच्या डब्यात. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि अवस्था लिहून घेतली. निकालानंतर परत मिळालं तेव्हा पहिली फेरी रेंजची झाली.

२०२५चा हंगाम हा खरा कस होता. निम्म्याहून जास्त खरेदी खात्यावरून झाली, त्यामुळे शस्त्र बाळगायचे दिवस बरेच घटले. मे महिन्याच्या शेवटी पाऊस कधी नव्हे तो लवकर आला. २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईपर्यंत पोहोचला होता. अण्णा एका वाडीतून परतताना गाडीचं चाक चिखलात रुतलं आणि ते कमरेपर्यंत भिजले, खिशातल्या शस्त्रासकट. घरी येऊन त्यांनी काडतुसं काढून बाजूला ठेवली, मूठ सोडवून आतली ओल टिपली, पंख्याखाली वाळवलं, मग पुसट तेल लावलं. ती सहा काडतुसं परत भरली नाहीत. पावसाळ्यानंतर रेंजवर त्यांनी तीच झाडली. सहाही उडाली, पण म्हणून भिजलेली काडतुसं भरायला हरकत नाही असा अर्थ मी काढणार नाही, आणि अण्णांनाही काढू दिला नाही.

घोड्याच्या खाचेत त्या वेळी थोडे तंतू होते. कोरडे होते, ब्रशने निघाले. राळेचा थर नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च २०२४मध्ये अण्णांनी शस्त्र जमा करण्याआधी सूट मागायला हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांनंतर आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार प्रत्येकाचं शस्त्र सरसकट जमा करणं अपेक्षित नाही. जिल्ह्याची छाननी समिती प्रकरणागणिक निर्णय घेते. रोख रकमेची ने-आण, बँकेचे पुरावे, स्वच्छ पार्श्वभूमी असलेल्याने अर्ज करावा. मिळेलच असं नाही, पण ऐन हंगामात तीन महिने शस्त्राविना फिरण्याआधी एक अर्ज करणं परवडलं असतं.

जूनमध्ये शस्त्र परत मिळालं तेव्हाच ते रिकामं करून तपासायला हवं होतं. ज्या शस्त्राने तीन महिने दुसऱ्याच्या कोठडीत काढले, ते परत मिळताच भरून खिशात घालणं ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग घाई. जून ते सप्टेंबर अण्णा ज्या शस्त्राच्या भरवशावर घाट उतरत होते, त्याने दोनच फैरी झाडल्या असत्या.

विक्रेत्यांकडूनही थोडं जास्त व्हायला हवं. शस्त्रासोबत कातडी कव्हर देणं सोपं आहे. त्यात शस्त्र साठवू नका, काडतुसं आत ठेवून तेल मारू नका, एवढी दोन वाक्यं सांगायला मिनिट लागत नाही. परवान्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पण त्या प्रशिक्षणात नेम आणि सुरक्षितता यांवर भर असतो आणि रोज बाळगलेल्या शस्त्राची निगा शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळली जाते. मी माझ्या वर्गात आता ती पहिल्या दिवशी घेतो, रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या चांदणीखाली रुमालाचे दोन धागे ठेवून. सिलिंडर अडतो, आणि पुढचं सगळं ऐकायला माणूस तयार होतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. अण्णांचा हात आता पूर्वीइतका घट्ट नाही. शस्त्र मोडून उघडताना त्यांना त्रास होतो, म्हणून मूठ सोडवण्याचं आणि चांदणीखाली झाडण्याचं काम मुलीने करावं असं त्यांच्या मनात आहे. परवाना तिच्या नावावर नाही. त्यांच्या समोर, त्यांच्या देखरेखीखाली तिने हात लावला तरी पुढे प्रश्न उभे राहू शकतात. तिने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा की अण्णांनी वर्षातून चार वेळा परवानाधारक दुरुस्तीकाराकडून साफसफाई करून घ्यावी, यावर घरात बोलणं चालू आहे. मी दुसरा पर्याय सुचवला आहे. पुढच्या हंगामाआधी रेंजवर येतील तेव्हा ठरवू असं अण्णा म्हणाले.